रात्री दोनच्या फोनचं उत्तर

प्रिय मित्रा,

परवा रात्री दोन वाजता तुझा फोन आला आणि माझ्याच्याने काही बोलवलंच नाही. तू म्हणालास, सकारात्मक विचार कर एवढं सोडून काहीही बोल, आणि माझ्याकडे खरंच काही नव्हतं, मग आपण दोघं बराच वेळ नुसतेच फोन कानाला लावून बसलो, तुझा श्वास ऐकू येत होता आणि मग तू ठेवलास. तेव्हापासून मनात घोळतंय ते फोनवर सांगता येणार नाही म्हणून लिहितोय. लांबणार आहे. एका दमात नको वाचू, वहिनी झोपल्या की थोडं थोडं वाच.

तुझं एक वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. "ती गाठ तिच्या हाताला आधीच लागली होती रे, मीच म्हटलं काही नसेल, तेव्हाच नेलं असतं तर?" वहिनींचा कॅन्सर, किमो, रिपोर्ट, पैसे, ह्या सगळ्यापेक्षा तुला हेच खातंय असं मला वाटतं. आणि हा प्रश्न माझ्या ओळखीचा आहे, मी त्याच्यासोबत एक अख्खं वर्ष काढलंय, तुलाही हे पूर्ण कधी सांगितलं नाही.

बाबांना पॅरालिसिसचा अटॅक आला त्या सकाळी साडेसातला मी त्यांच्याशी बोललो होतो. शब्द जड येत होते. मला वाटलं रात्री झोप झाली नसेल, आणि मी ऑफिसला निघून गेलो. दुपारी एक वाजता शेजाऱ्यांचा फोन आला. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन असतं, पण ते त्रास सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. साडेसात अधिक साडेचार म्हणजे बारा. मला फोन आला एकला. बस, हे गणित माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. बाबा त्यानंतर अकरा आठवडे होते आणि मी ते गणित रोज रात्री मांडायचो, मी आठला परत फिरलो असतो तर, नऊला नुसता फोन केला असता तर, प्रत्येक वेळी उत्तर तेच यायचं आणि तरी परत पहिल्यापासून मांडायचो. फिर्यादी मी, न्यायाधीशही मी, माझ्या बाजूने बोलायला मात्र कुणीच नाही.

आणि मला वाटायचं की मी चिंतन करतोय! म्हणजे मी रोज शांतपणे बसून घडलेल्या गोष्टीकडे प्रामाणिकपणे बघतोय असं मला अगदी मनापासून वाटायचं. ते चिंतन नव्हतंच, ते उगाळणं होतं, आणि कोळसा उगाळावा तितका काळाच.

हा फरक मला फार उशिरा कळला. त्या दिवसांत रात्री मी मोबाईलवर काय काय वाचत बसायचो, त्यात सुसान नोलन होक्सेमा नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचं काम वाचनात आलं. त्यांनी कॅलिफोर्नियात काही विद्यार्थ्यांची मनःस्थिती तपासली होती आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1989 च्या ऑक्टोबरमध्ये, तिथे मोठा भूकंप झाला. मग त्यांनी त्याच मुलांना पुन्हा तपासलं. ज्यांना आधीपासून आपल्या दुःखाभोवतीच गोल गोल फिरायची सवय होती त्यांच्यात नंतर उदासी जास्त दिसली. भूकंप सगळ्यांना एकच होता. वाचून मला आधी रागच आला, म्हणजे आता हाही माझाच दोष का! पण दोन दिवसांनी वाटलं की निदान ह्या दुखण्याला नाव तरी आहे, आणि ते माझ्या एकट्याचं नाही.

मग मी एका समुपदेशक बाईंकडे गेलो. त्यांनी फार काही सांगितलं नाही, सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं लिहा म्हणाल्या, काय झालं आणि त्याने तुम्हाला काय वाटलं, दोन्ही, शुद्धलेखन बघायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. ही पद्धत जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन संशोधकाची, 1986 साली त्याने कॉलेजच्या मुलांवर करून बघितली होती. लिहिल्या लिहिल्या त्या मुलांना वाईटच वाटलं होतं, हे बाईंनी मला आधीच सांगून ठेवलं हे फार बरं झालं, नाहीतर मी पहिल्याच दिवशी वही फेकून दिली असती. पण पुढच्या काही महिन्यांत त्या मुलांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या.

माझे पहिले दोन दिवस साडेसात आणि साडेचार ह्यातच गेले, तीन पानं, सगळीकडे तेच गणित. तिसऱ्या दिवशी काय झालं माहीत नाही, पण पेन भलतीकडेच गेलं आणि मी बाबांच्या प्रार्थनेबद्दल लिहायला लागलो.

हे तुला माहीत नाही. बाबांची वाचा गेली होती. पाणी हवं असलं तरी पाणी हा शब्द यायचा नाही, माझं नाव यायचं नाही, भलताच शब्द तोंडातून निघायचा आणि आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं, ते बघवायचं नाही. आणि एका संध्याकाळी मी त्यांच्याजवळ बसून सहज, म्हणजे काहीच सुचत नव्हतं म्हणून, ते रोज म्हणायचे ती प्रार्थना पुटपुटायला लागलो, आणि दुसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज आला. स्पष्ट. एकही शब्द न चुकता शेवटपर्यंत. मी हादरलो. नंतर वाचा सुधारायला येणाऱ्या बाई म्हणाल्या की असं होतं, वर्षानुवर्षं रोज म्हटलेलं, आकडे, प्रार्थना, गाणी, हे बोलण्याचं केंद्र दुखावलं तरी बऱ्याचदा शाबूत राहतं. शास्त्र ते सांगेल आणि ते बरोबरच आहे. पण मी जे बघितलं ते असं होतं की ज्या माणसाकडून सगळे शब्द गेले होते त्याच्याकडे तेवढंच उरलं होतं जे तो चाळीस वर्षं काही न मागता रोज संध्याकाळी म्हणत आला होता. त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही दोघं म्हणायचो. त्यांचा डावा हात चालायचा, तो माझ्या हातावर असायचा.

आणि बघ, वर्षभर मी ह्या संध्याकाळी विसरून गेलो होतो. खोटं नव्हतं ते गणित, पण माझ्या हिशेबाच्या वहीत फक्त एक सकाळ होती, त्या सत्तर पंच्याहत्तर संध्याकाळी कुठेच जमेला धरलेल्या नव्हत्या. मला वाटतं चिंतन हे इथून सुरू होतं, जेव्हा आपण हिशेब पूर्ण मांडतो. फक्त उधारीच नाही, सगळंच.

हिशेबावरून आठवलं, सेनेका म्हणून रोमन विचारवंत होता पहिल्या शतकातला, आठ वर्षं कॉर्सिका बेटावर हद्दपारीत काढलेला माणूस. त्याने लिहून ठेवलंय की रात्री दिवा गेला आणि बायको गप्प झाली, म्हणजे तिला त्याची सवय माहीत होती, की तो अख्खा दिवस मनात परत तपासायचा, स्वतःपासून काहीही न लपवता. इथपर्यंत मीही तेच करत होतो. पण तो पुढे जे करायचा ते मी कधीच केलं नव्हतं, चूक सापडली की तो स्वतःला सांगायचा, हे पुन्हा करू नकोस, आत्ता तुला माफ केलं. रोजच्या रोज. मी हे वाचून रडलो, खरंच रडलो, कारण वर्षभरात हे वाक्य मी स्वतःला एकदाही म्हणालो नव्हतो.

आणि तुकोबा. दुष्काळ आपण शाळेत दोन ओळीत शिकलो, 1630 चा, पण त्यात त्या माणसाची बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला, हे सगळं विशीच्या आसपास. डोंगरावर जाऊन बसला तो त्यानंतर. आणि घरात लोकांच्या कर्जाची खतं होती त्यातली आपल्या वाटणीची इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. लहानपणी मला वाटायचं केवढा दानशूर! आता वाटतं, ज्याचं स्वतःचं इतकं गेलंय त्याने ती येणी उराशी धरली असती तरी कुणी नावं ठेवली नसती, आणि त्याने ती सोडली. देणेकरी सुटले ते सुटलेच, पण आधी तो मोकळा झाला असणार.

मी माझी साडेसातची सकाळ बुडवू शकलेलो नाही, तुला खोटं कशाला सांगू. ती अजून येते. फक्त आली की मी आता तिच्याशी वेगळं बोलतो, स्वतःला नावाने हाक मारतो आणि तुझ्याशी बोलेन तसं बोलतो. तू मला सांगितलं असतंस की माझ्या वडिलांचा शब्द जड येत होता आणि मला वाटलं झोप झाली नाही, तर मी तुला खुनी म्हटलं असतं का? मी म्हटलं असतं, अरे तुला कुठे माहीत होतं. मग तू रात्री दोनला आरशासमोर उभा राहून स्वतःला जे म्हणतोस ते मला फोनवर म्हणून बघ. तुला ते शब्द माझ्यासाठी तोंडातून काढवणार नाहीत.

आता आशेबद्दल, तू म्हणालास कसली आशा आणि कसलं काय. मी तुला सगळं नीट होईल असं म्हणणार नाही, मला माहीत नाही आणि तुलाही माहीत नाही. पण बाबांच्या वेळचं सांगतो. सुरुवातीला आशा होती की ते चालत घरी येतील. मग वाटलं बसले तरी खूप. गिळता येत नव्हतं तेव्हा वाटायचं एक चमचा पाणी ठसका न लागता गेलं पाहिजे, आणि पाचव्या आठवड्यात ते गेलं, त्या दिवशी मी आणि नर्स दोघंही लहान पोरासारखे हसलो होतो. आशा लहान लहान होत गेली पण त्या चमच्याच्या वेळी ती जितकी खरी वाटली तितकी पहिल्या दिवशीसुद्धा वाटली नव्हती. तू पुढच्या स्कॅनपर्यंतची आशा एकदम उचलायला बघतोयस, ती उचलणार नाही रे कुणाकडूनच. आज संध्याकाळपुरती बघ. वहिनींना आज उलटी कमी झाली का, दोन तास सलग झोपल्या का.

आणि देवाचं. तू म्हणालास मी हात जोडणं बंद केलंय. नको जोडूस. राग आलाय तर रागाने बस, भांड, पण बस. मी बाबा गेल्यावर तीन महिने ती प्रार्थना म्हटली नाही, मग एकदा नुसताच बसलो, श्वास सोडताना थोडा जास्त वेळ घ्यायचा एवढंच करत, श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, हे शरीरातच आहे, त्याला श्रद्धा लागत नाही. पाचेक मिनिटं. रोज. बरेच दिवस काहीच झालं नाही. मग एक दिवस असं झालं, फ्रीजची मोटर बंद झाल्यावर कळतं ना की इतका वेळ घरघर चालू होती, तसं झालं. आत काहीतरी थांबलं. मिनिटभरच. मी त्याला देव म्हणू का काय म्हणू मला ठरवता येत नाही, पण त्या मिनिटात बाबाही होते आणि ती सकाळही होती आणि दोन्ही सोसवत होतं. तेव्हापासून संध्याकाळी बसतो, प्रार्थना म्हणतो, दुसऱ्या ओळीला अजूनही थोडा थांबतो.

एक मात्र कळकळीने सांगतो. झोप उडून दोन आठवड्यांच्या वर झाले असतील, कशातच मन लागत नसेल, किंवा हे सगळं संपवावं असं एकदा जरी मनात आलं असेल, तर लिहिणं बसणं हे सगळं राहू दे, आधी डॉक्टरकडे जायचं आणि मला फोन करायचा, कितीही वाजता. मी समुपदेशकांकडे जायला फार उशीर केला. तू नको करूस. हे एकट्याने निस्तरायचं काम नाही.

पुढचा किमो गुरुवारी आहे ना, मी रजा टाकली आहे. बुधवारी रात्री येतो. सकाळी गाडी मी चालवतो, तू मागे वहिनींच्या शेजारी बस, गेल्या वेळी त्या मागे एकट्या बसल्या होत्या असं तूच म्हणाला होतास. येताना एक कोरी वही आणतो, लिहायची की नाही ते तुझं तू ठरव.

तुझाच