डब्याआधी पाणी बघायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुमचं घर काही लांब नाही, येऊन पाया पडून आभार मानता आले असते. तरी हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे. नाशिकमध्ये गळ टाकणारे पुष्कळ आहेत आणि त्यातल्या कितीतरी जणांची भावंडं, मुलं आता अमेरिकेत आहेत. तिकडे गेलं की कुणीतरी तलावावर नेतं, हातात रॉड देतं आणि रंगीबेरंगी आमिषांनी भरलेला डबा पुढ्यात ठेवतं. तशा डब्यापुढे कसं बसायचं ते तुम्ही मला निघण्याआधी शिकवलंत. ते माझ्यापुरतं राहू नये असं मनापासून वाटतं.

मी वडिलांबरोबर दारणेच्या काठावर वाढलेली. मरळ आणि शिवडा ओळखीचे, बास मासा मात्र नुसता ऐकलेला. तो मूळचा उत्तर अमेरिकेचा. दादा मिझुरीत स्प्रिंगफील्डला राहतो आणि तिथून टेबल रॉक तलाव जवळ आहे. व्हाइट नदीवरचं हे धरण १९५८ मध्ये पूर्ण झालं. ओझार्कच्या डोंगरांतलं पाणी म्हणजे नितळ, आणि हिवाळा सरता सरता तिथे जर्कबेट चालतं, हे मला पहिल्यांदा तुम्हीच सांगितलंत.

ज्यांना जर्कबेट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कडक प्लास्टिकचा लांबट, सडपातळ मासा, तोंडाखाली छोटी पारदर्शक जीभ आणि पोटाला तिहेरी गळ. रॉडच्या टोकाने दोन झटके द्यायचे आणि थांबायचं. चांगलं जर्कबेट थांबल्यावर बुडतही नाही आणि वरही येत नाही, जागच्या जागी राहतं. पाणी गार असताना हा थांबा लांबवायचा. थ्रेडफिन शॅड नावाचे छोटे चंदेरी मासे बासचं आवडतं खाणं. पाणी साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्यांना थंडी सोसत नाही. ते लुळे पडतात, मधूनच तडफडतात, पुन्हा निपचित होतात. झटका आणि थांबा ही त्याच तडफडीची नक्कल आहे.

आणि या थांब्यातच रंगाचं सगळं आहे, हे तुमचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. वेगात जाणाऱ्या आमिषाकडे माशाला नीट बघायला वेळ नसतो. जर्कबेट मात्र त्याच्या नाकासमोर उभं राहतं. पाणी नितळ असेल तर तो लांबूनच बघतो, जवळ येऊन निरखतो आणि मग ठरवतो. गढूळ असेल तर त्याला आधी ते दिसायलाच हवं. म्हणून डब्याला हात लावण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: आज लपवायचंय की दाखवायचंय?

तुम्ही मला गंगापूरच्या बॅकवॉटरला नेलंत ते याचसाठी. पांढऱ्या झाकणाला मधोमध भोक पाडून दोरी ओवलेली, खाली वजनाला नट बांधलेला, दोरीवर वीत वीत अंतरावर गाठी. झाकण दिसेनासं झालं की गाठी मोजायच्या. इटलीच्या सेक्की नावाच्या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये अशीच पांढरी तबकडी समुद्रात सोडून पाण्याचा नितळपणा मोजला होता, हेही तुम्ही तिथेच सांगितलंत. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं यावरून गोदेचा पूर मोजणारं आपलं गाव. पाणी किती चढलं ते आपण नेहमी बघतो. पाण्याच्या आत किती दिसतं हे बघायची सवय मला तुम्ही लावलीत. पावसाळ्यात गोदेला गाळ येतो तेव्हा हाताचा पंजा बुडवला तरी बोटं दिसत नाहीत. तेच पाणी धरणात साठून, निवळून थंडीत हिरवट काचेसारखं होतं. तुमचा धडा असा होता की नदी तीच असली तरी आमिष तेच चालणार नाही.

टेबल रॉकवर गेल्या गेल्या मी झाकण सोडलं. दादा बघत राहिला. मुख्य तलावात ते माझ्या उंचीपेक्षा खोल गेलं तरी दिसत होतं. ऊन लख्ख, वारा नाही. म्हणून अर्धपारदर्शक जर्कबेट घेतलं, पाठीला फिकट शेवाळी झाक आणि पोट मोतिया. उन्हात आरपार दिसणारं अंग पाण्यात जवळजवळ विरून जातं, नुसती माशाची चाहूल उरते. वारा सुटून लाटा उठल्या तर त्याच उन्हात आरशासारखं चंदेरी चांगलं, कारण लाटांनी प्रकाश तुटतो आणि झटक्यासरशी कलंडणारी चंदेरी बाजू चमकून जाते.

मग ढग आले. दोन बास मागे मागे आले, अगदी बोटीपर्यंत, आणि तोंड न लावता वळून गेले. ऊन नसलं की पारदर्शक अंगाला उजेडच मिळत नाही, ते मेल्यासारखं दिसतं. हे तुमचं वाक्य तिथे आठवलं आणि मी बिनचमकीचं, दुधी पांढरं लावलं. दोन झटके आणि थांबा. मनात दहापर्यंत मोजलं. तंगूस, म्हणजे गळाचा दोरा, सैल पडलेला होता, तो पाण्यावर जिथे टेकतो तिथे किंचित बाजूला सरकला. हाताला काहीच जाणवलं नव्हतं, डोळ्यांनी दिसलं म्हणून रॉड उचलला. स्मॉलमाऊथ जातीचा बास होता, पितळी अंगाचा, कडेला उभे गडद पट्टे. गळ वरच्या ओठात नीट बसला होता. सोडवून परत पाण्यात सोडला.

पाऊस झाल्यावर आम्ही जेम्स नदीच्या फाट्याकडे गेलो. तिथलं पाणी मुख्य तलावापेक्षा रंगाळ असतं. झाकण जेमतेम कमरेइतक्या खोलीवर दिसेनासं झालं. अशा हिरवट पाण्यात निळा आणि लाल दोन्ही लवकर विझतात, हिरवा-पिवळा उजेड तेवढा खाली पोचतो. म्हणून पोपटी पाठ, सोनेरी बाजू आणि नारिंगी पोटाचं काढलं. पोटाच्या रंगाकडे लक्ष द्यायचं कारणही तुम्ही सांगितलेलं: बास बहुतेकदा खालून वर बघतो, दुकानात आपल्याला भुरळ घालते ती पाठ त्याला फारशी दिसतच नाही. कुजलेल्या पानांनी तपकिरी झालेल्या पाण्यात मात्र लालसर उजेड टिकतो, तिथे सोनेरी आणि तांबूस चांगलं. आणि पाणी चहासारखं झालं, झाकण हातभरातच गेलं, तर जर्कबेट डब्यात ठेवायचं. ते डोळ्यांनी शिकार करणाऱ्या माशासाठी आहे. गढुळात गोल पात्याचं स्पिनरबेट, म्हणजे ओढताना पातं गरगरणारं आमिष, फिरवायचं, त्याची थरथर बासला अंगावर कळते. फायर टायगर नावाच्या भडक रंगाचं जर्कबेट लावून बसणारे तिथे बरेच दिसले. मला तरी त्यात वेळ घालवावासा वाटला नाही.

रंगांच्या अतिबारीक छटांबद्दल तुम्ही दाखवलेला इलिनॉय विद्यापीठातला अभ्यास मी दादालाही वाचायला दिला. २०१९ चा, करंट झूऑलॉजीत छापलेला. लार्जमाऊथ या बासच्या दुसऱ्या जातीच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या दोनच प्रकारच्या शंकूपेशी, एक हिरव्यासाठी आणि एक लालसाठी. लाल आणि हिरवा तो छान ओळखतो. पोपटी-पिवळा आणि पांढरा यांत मात्र गल्लत करतो, तशीच निळ्या आणि काळ्यात. म्हणजे पिवळ्याच्या चार छटा विकत घेण्यापेक्षा उजळ की गडद, चमकीचं की बिनचमकीचं, आरपार की भरीव, एवढं डब्यात असलं की पुरे. दादाने त्याच दिवशी डबा रिकामा करून त्या हिशेबाने पुन्हा लावला. तिथल्या त्याच्या मित्रांनाही आता झाकणाची दोरी हवी आहे.

काका, तुम्ही इतकी वर्षं तिकडे राहून जे शिकलात ते एका संध्याकाळी हातचं काही न राखता दिलंत. मी बाई आहे, मासेमारीचं वेड आहे, याचं अनेकांना नवल वाटतं. तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, "तंगूस किती जाडीचा वापरतेस?" त्या एका प्रश्नाबद्दलही मी तुमची ऋणी आहे.

तुमच्यासाठी दोन जर्कबेटं आणली आहेत, एक दुधी आणि एक अर्धपारदर्शक. आता मला मरळीचं विचारायचंय. ती शेवाळात दडून बसते, तिथे तिहेरी गळ अडकणारच, म्हणून आपण बेडकाचं आमिष वापरतो. पण दारणेच्या उघड्या कडेला, थंडीत पाणी निवळल्यावर, हाच लपवायचं-दाखवायचं हिशेब शिवड्याला लागू पडेल का? रविवारी सकाळी झाकण आणि दोरी घेऊन येते. काकूंना साष्टांग नमस्कार सांगा.

तुमची,
दारणाकाठची पुतणी