बीपीची गोळी आणि सुजलेले पाय

मा. संपादक साहेब, नमस्कार.

आमच्या पाथरी भागात बीपीची गोळी मधेच सोडून देणारे लई झालेत आणि कारण विचारलं की बहुतेकांचं एकच, पाय सुजले. संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागतो, मग शेजारचा कोणीतरी म्हणतो किडनी गेली वाटतं, की झालं, गोळी बंद. म्हणून हे पत्र.

ही सूज बऱ्याच वेळा ॲम्लोडिपिन नावाच्या बीपीच्या गोळीची असते. ही गोळी काम करते ती मुख्यतः स्नायूत, कातडीत पसरलेल्या एकदम बारीक रोहिण्यांवर, म्हणजे रक्त आणणाऱ्या नळ्यांवर. त्यांच्या भिंतीतला स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं, गोळी त्याचा आत जायचा रस्ता अडवते, भिंत सैल पडते आणि नळी रुंदावते. दाब तोच धरला तर नुसत्या 10 टक्के रुंदीला जवळपास 46 टक्के जास्त रक्त जातं, म्हणून एवढुशा गोळीनं बीपी उतरतं.

घोळ पुढंच आहे. रक्त आणणारी नळी सैल होते पण परत नेणारी शीर फारशी होत नाही. चारीचं दार मोकळं सोडलं आन् खाली निघायला वाट नसली की वाफा तुंबतो, जायकवाडीच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे काय सांगायचं! मधल्या केसासारख्या नळ्यांत, म्हणजे केशवाहिन्यांत, दाब वाढतो, पाणी पाझरतं आणि दिवसभर उभं राहिलं की घोट्याला उतरतं. अंगात पाणी जास्त झालेलं नसतं, त्यामुळं मेडिकलवरून मनानंच लघवीची गोळी आणायची नाही, सूज फारशी उतरत नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात रानात चक्कर येऊन पडायची पाळी येते. डॉक्टर 10 मिलिग्रॅमची गोळी 5 वर आणतात नाहीतर टेल्मिसार्टन ही बीपीची दुसरी गोळी जोडतात, तिनं शिरा पण सैल होतात. मात्र दम लागत असेल, तोंड सुजत असेल किंवा एकच पाय सुजून दुखत असेल तर ते वेगळं, लगेच दाखवा.

गोळी सोडली तर काय, तर दाबानं त्याच बारीक नळ्यांच्या भिंती जाड होतात, स्नायूतल्या केशवाहिन्या कमी होत जातात. काही गोळ्यांनी हा जाडपणा माघारी पण येतो, पेशंटच्या कुल्ल्याच्या कातडीखालचा तुकडा काढून तपासलंय लोकांनी, वर्षभर लोसार्टन घेणाऱ्यांत नळ्या सुधारल्या, ॲटेनोलॉलवाल्यांत नाही, बीपी दोघांचंही उतरलं होतं तरी. म्हणून शेजाऱ्याची गोळी आपल्याला चालत नसते.

डॉक्टर लोकांना विनंती, चिठ्ठी देताना "पाय सुजले तर बंद करू नका, माझ्याकडं या" एवढं बोलाच. आणि संपादक साहेब, तुमच्या आरोग्याच्या पानावर हे एकदा चित्र काढून छापा, नटनट्यांच्या डाएटची जागा थोडी कमी झाली तरी चालेल आम्हाला.

आपला एक वाचक,
पाथरी, जि. परभणी