मनाचा लवचिकपणा आणि नोकरीतलं काम

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मानसिक लवचिकता म्हणजे वरिष्ठ म्हणतील त्याला मान डोलवायची का, असं तू विचारलं आहेस. नाही रे, मुळीच नाही. मनात भीती, चीड किंवा शंका असेल तर ती असू द्यायची, तिच्याशी झटापट करायची नाही आणि आपल्याला जे मोलाचं वाटतं त्याला धरून पुढचं पाऊल टाकायचं, एवढाच तिचा अर्थ. कधी कधी ते पाऊल म्हणजे स्वच्छ नकारच असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वीकार आणि बांधिलकी यांवर आधारलेली उपचारपद्धती घडवली. ही कल्पना तिचा गाभा आहे.

नोकरीत तिचा पहिला फायदा लक्षाला होतो. वरिष्ठांसमोर सादरीकरण करताना ‘आता माझी फजिती होणार’ हा विचार दाबायला गेलं की निम्मं लक्ष त्या दाबण्यातच अडकतं. समोरच्याने विचारलेला प्रश्न अर्धवट ऐकू येतो, उत्तर भलतंच जातं आणि भीती खरी होते. ब्रिटनमध्ये फ्रँक बाँड आणि डेव्हिड बन्स यांनी एका वित्तसंस्थेच्या ग्राहकसेवा केंद्रातल्या चारशेहून अधिक कर्मचाऱ्यांचा अभ्यास 2003 साली प्रसिद्ध केला. ज्यांच्यात नकोशा भावनांना जागा देण्याची तयारी जास्त होती, त्यांचं मानसिक आरोग्य वर्षभरानंतर अधिक चांगलं होतं आणि संगणकावर नोंदी करताना त्यांच्या चुकाही कमी होत होत्या. मला त्यातला पुढचा भाग फार महत्त्वाचा वाटतो: काम कसं करायचं हे ठरवायची मोकळीक मिळाली, तर तिचा फायदाही याच लोकांना जास्त झाला. साहजिक आहे. मन स्वतःशीच भांडत असेल तर हातात असलेली मोकळीक दिसतच नाही.

दुसरा फायदा टाळाटाळ सुटण्याचा. नाराज ग्राहकाचा ईमेल न उघडता बाजूला ठेवला की लगेच हायसं वाटतं, आणि नेमकं तेच हायसं वाटणं सवय पक्की करतं. उद्या तोच ईमेल जास्त जड होतो.

आता करायचं काय, ते सांगतो. असा ईमेल समोर आला की आधी शरीरात काय होतंय ते ओळख: छातीत धडधड, आवळलेला जबडा, जे असेल ते. दोन-तीन श्वास घेईपर्यंत ते तसंच राहू दे. मग मनातलं वाक्य बदलून म्हण. ‘मला हे जमणार नाही’ याऐवजी ‘मला हे जमणार नाही, असा विचार मला आला आहे.’ फरक किरकोळ वाटेल, पण विचार आणि तू यांच्यात बोटभर अंतर पडतं. एखादा शब्दच टोचत असेल, समज ‘नालायक’, तर एकांतात तो साधारण 30 सेकंद भराभर मोठ्याने म्हणत राहा; त्याचा अर्थ विरतो, उरतो नुसता आवाज. त्यानंतर एकच प्रश्न: या कामात मला कसा माणूस व्हायचंय? उत्तराला साजेशी, दहा मिनिटांत होईल एवढी एकच कृती ठरव आणि लगेच कर. ईमेल उघडून पहिल्या दोन ओळी लिहिल्यास तरी पुरे.

बहुतेक जण इथे एक चूक करतात आणि ती जरा सविस्तर सांगायलाच हवी. हे सगळं भीती घालवायचा उपाय म्हणून केलं जातं. श्वास घेतला, वाक्य बदललं, तरी धडधड थांबली नाही, म्हणजे उपाय फसला असं वाटतं. पण धडधड थांबावी हा हेतूच नव्हता. धडधडत्या छातीने ईमेल लिहिला गेला की काम झालं. दुसरी चूक ध्येय ठरवताना होते. ‘मीटिंगमध्ये चिडायचं नाही’ हे ध्येय दगडालाही जमेल. त्यापेक्षा ‘समोरच्याचं बोलणं पूर्ण झाल्यावर माझी हरकत मांडेन’ हे माणसाचं ध्येय. तसंच पदोन्नती हे मूल्य नाही, ती एकदा मिळते आणि संपते. नवख्यांना नीट शिकवणं हे रोज जगता येतं, पदोन्नती मिळो न मिळो.

टीमसाठी प्रशिक्षण घ्यायचा तुझा विचार चांगला आहे, पण एकाच दिवसात उरकू नकोस. अर्ध्या दिवसाची तीन सत्रं ठेव: पहिली दोन लागोपाठच्या आठवड्यांत आणि तिसरं साधारण तीन महिन्यांनी, मधल्या काळात लोक कुठे अडले ते बघायला. कामाचा बोजा मुळातच अवाजवी असेल, अपमान होत असेल, तर मात्र आधी ते दुरुस्त कर. माणसांना सोसायला शिकवण्यासाठी हे वापरलं की त्यांचा विश्वास जातो, आणि तो जाणं योग्यच आहे.

पहिल्या सत्राची आखणी झाली की मला पाठव, मी बारकाईने वाचून कळवतो.

तुझाच,
जुना मित्र