कालव्याच्या फॉलवर वीज करा, पण पाण्याची पाळी शेतीचीच राहू द्या

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

महोदय,
सविनय नमस्कार.

वीर धरणाच्या पायथ्याशी 9 मेगावॅटचं वीजघर आहे, कण्हेरला 4, धोमला 2. पुढे कालव्यात मात्र पाण्याचा जोर आपण पैसे खर्चून मोडतो. जमिनीला उतार जास्त, तिथे फॉल, म्हणजे पाणी खाली पाडणारी पायरी, बांधायचा आणि त्याच्या पायाशी काँक्रीटची कुंडी करायची, पाण्याने तळ खणू नये म्हणून!

350 क्युसेक (सेकंदाला 350 घनफूट) पाणी 3 मीटर खाली पडलं, तर सगळी घट धरूनही 200 किलोवॅटच्या आसपास वीज निघते. पाच एचपीच्या चाळीसेक मोटारी त्यावर चालतील. सौर फिडर, म्हणजे शेतीच्या सौर वीजवाहिन्या, दिवसाच्या. आवर्तनाचं, म्हणजे शेतीला पाळीने सोडलेलं, पाणी रात्रीही वाहतं. पंजाबात कालव्यांच्या फॉलवर अशी वीजघरं कधीच उभी राहिली आहेत.

नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांवरही वीज करा, असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. पावसाळ्यात नदी भरून वाहते तेव्हा बंधाऱ्याचे ढापे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढलेले असतात, वरची-खालची पातळी जवळपास एकच. ढापे घातले की पाणी अडवायचं असतं. मग टर्बाईन फिरणार कधी? उघडमीट होणाऱ्या दारांच्या बॅरेजचं (मोठ्या बंधाऱ्याचं) गणित वेगळं, ते जरूर तपासा.

2005 साली सरकारने लघु जलविद्युत खासगी गुंतवणुकीला खुली केली. त्याच साली सिंचन व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदाही झाला. या दोघांची गाठ घालून द्या. दोनशे किलोवॅटसाठी मोठी कंपनी कशाला येईल? शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्थेला मात्र त्यातून चाऱ्यांच्या (पोटकालव्यांच्या) दुरुस्तीचा खर्च निघेल.

अट एकच, आणि ती करारातच हवी: पाणी कधी, किती सोडायचं हे पिकं ठरवतील, वीजघर नाही. टर्बाईन बंद पडलं तरी बगलेच्या वाटेने पाणी टेलपर्यंत, कालव्याच्या शेवटच्या टोकापर्यंत, गेलंच पाहिजे. कालव्यातून पाचट, जलपर्णी, प्लास्टिक काय काय वाहत येतं ते इथे येऊन बघा. जाळी रोज कोण साफ करणार, हेही आधीच लिहून ठेवा.

तूर्त मागणी छोटी आहे. प्रत्येक मुख्य कालव्यावरच्या फॉलची उंची, आवर्तनातला विसर्ग आणि वर्षातले वाहते दिवस जाहीर करा. नवा सल्लागार नेमू नका, मोजमापं शाखा कार्यालयांच्या दप्तरातच मिळतील.

आपला,
नीरा डाव्या कालव्यावरचा एक शेतकरी