नवं पोर्टल नको, एक नमुना द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : शाळांची माहिती एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत नेण्यासाठी एकच जाहीर नमुना ठरवण्याबाबत

मा. मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

माझा स्वार्थ आधीच सांगून टाकतो. मी शाळांच्या कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर लिहितो : दाखले, फीच्या पावत्या, निकालपत्रकं, जनरल रजिस्टर (शाळेत दाखल मुलांची मूळ नोंदवही). या पत्रात जे मागतो आहे ते मिळालं, तर माझं काही काम सोपं होईल आणि काही हातचं जाईल. शाळा मला जे पैसे देतात, त्यातले बरेचसे एकीकडची माहिती दुसरीकडे चढवण्याचे असतात. हे काम मुळात असायलाच नको.

२०१५ मध्ये 'सरल' ही राज्याची शाळा-विद्यार्थी नोंदीची ऑनलाइन प्रणाली आली आणि प्रत्येक विद्यार्थ्याला १९ अंकी आयडी मिळाला. शाळांची माहिती गोळा करणाऱ्या केंद्राच्या 'यूडायस प्लस' पोर्टलवर २०२२-२३ पासून विद्यार्थीनिहाय नोंदी सुरू झाल्या, तिथे त्याच मुलाला 'पेन' हा कायमचा शिक्षण क्रमांक मिळाला. मग 'अपार' हा १२ अंकी विद्यार्थी क्रमांक आला. आधार होतंच. पोषण आहाराची रोजची नोंद वेगळी, महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती वेगळी, आरटीईचे प्रवेश वेगळे, अकरावीचे वेगळे. एवढं सगळं भरून झालं की केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गूगल शीटची लिंक येते, 'आज दुपारी दोनपर्यंत, अत्यंत तातडीचे'. त्या शीटमध्ये जे विचारलेलं असतं, ते नव्वद टक्के वेळा या ना त्या पोर्टलवर आधीच भरलेलं असतं.

पोर्टलं जास्त आहेत, ही माझी तक्रार नाही. प्रत्येकाचं काम निराळं आहे. तक्रार अशी की 'विद्यार्थ्याचं नाव' म्हणजे नेमकं काय, यावरसुद्धा त्यांचं एकमत नाही.

जनरल रजिस्टरात आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं, आईचं नाव वेगळ्या रकान्यात. आधारवर बहुधा मुलाचं नाव आधी. काही पोर्टलांवर नावाचे तीन रकाने, काहींवर एकच लांब रकाना. काही ठिकाणी देवनागरी चालते, काही ठिकाणी फक्त रोमन. रोमनमध्ये 'ज्ञानेश्वर' लिहायला बसलात तर तीन माणसं तीन स्पेलिंगं लिहितील आणि तिन्ही बरोबर असतील. संगणक मात्र त्यांना तीन मुलं समजतो. हा 'मिसमॅच' हसण्यावारी नेता येत नाही, कारण संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हा हिशोब, 'आधार व्हॅलिड' म्हणजे आधारशी नोंद जुळलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरू लागली आहे. म्हणजे एका स्पेलिंगपायी वर्गातलं खरंखुरं बसलेलं मूल मोजणीतून गळतं आणि काठावरच्या पटाच्या शाळेत शिक्षकाचं पद जातं.

गंमत अशी, की कागदावर हा प्रश्न आपण कधीच सोडवला होता. शाळा सोडल्याच्या दाखल्याचा नमुना शासनाने ठरवून दिला. म्हणून भामरागडच्या शाळेने दिलेला दाखला सावंतवाडीच्या लिपिकाला वाचता येतो. जन्मतारीख अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहायची, हाही त्या नमुन्यातलाच शहाणपणा. रजिस्टरातलं नाव किंवा जन्मतारीख बदलायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. म्हणजे खरी नोंद कोणती आणि ती कोण बदलू शकतं, हे ठरलेलं होतं. ऑनलाइन येताना हे दोन्ही आपण मागे ठेवून आलो. आज एकाच मुलीच्या जन्मतारखा दोन पोर्टलांवर वेगळ्या निघाल्या तर कोणती खरी मानायची, याचं उत्तर शाळेकडे आहे, पण पोर्टलांकडे नाही.

सगळ्यात जास्त फटका बसतो तो ऊसतोड कामगारांच्या मुलांना. दिवाळीच्या आगेमागे बीड जिल्ह्यातून बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक निघतात आणि हंगाम संपेपर्यंत ही मुलं सांगली-कोल्हापूरच्या फडांवर असतात. त्यांच्यासाठी आपल्याच विभागाचं शिक्षण हमी पत्रक आहे. कल्पना उत्तम आहे : मूल कोणत्या इयत्तेत, कुठवर शिकलंय, हे लिहिलेला कागद त्याच्यासोबत जातो आणि जिथे उतरेल तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचं. पण तो कागद कोपीत, म्हणजे फडावरच्या झोपडीत, भिजतो, हरवतो, आणि प्रणालींना त्याचा पत्ताच नसतो. मूल गेलं म्हणून जुन्या शाळेने यूडायस प्लसवर त्याला 'ड्रॉपबॉक्स'मध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्या मुलांच्या यादीत, टाकायचं, नव्या शाळेने तिथून इम्पोर्ट करायचं; नव्या शाळेने केलं नाही तर ते मूल कागदोपत्री कुठेच नाही. जुन्या शाळेने टाकलंच नाही तर नव्या शाळेत ते बसतं, जेवतं, शिकतं, पण पटावर नाही. पट टिकवायचा म्हणून नाव सोडायला शाळा का कचरतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. त्यात टोळी बेळगावकडे उतरली तर राज्यच बदललं. कर्नाटकाची 'सॅट्स' ही विद्यार्थी नोंदीची प्रणाली वेगळी. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्या मुलाला कायमचं 'ट्रान्सफर' करावं लागू नये, 'तात्पुरतं स्थलांतरित' अशी सगळ्यांना कळणारी एक खूण असावी, एवढीसुद्धा सोय सगळ्या प्रणालींमध्ये मिळून नाही.

इंग्लंडमध्ये शाळा कोणत्याही कंपनीचं सॉफ्टवेअर घेऊ शकते. पण मूल शाळा बदलतं तेव्हा जुन्या शाळेने १५ शालेय दिवसांच्या आत त्याची 'कॉमन ट्रान्सफर फाइल' नव्या शाळेला पाठवायची, असा तिथला नियम आहे. त्या फाइलमध्ये कोणते रकाने, कोणते संकेतांक, हे सरकार ठरवून जाहीर करतं. अमेरिकेत शाळांच्या प्रणालींमध्ये देवाणघेवाण व्हावी म्हणून १९९७ पासून खटपट चालू आहे. त्यातून आलेल्या मानकांपैकी 'वनरोस्टर' तर साध्या सीएसव्ही फाइलींवरही चालतं, म्हणजे एक्सेल उघडता येणाऱ्या कोणालाही ती बघता येते. आपल्याकडेही केंद्राने जुलै २०२१ मध्ये 'एनडीईएआर' हा डिजिटल शिक्षणाचा आराखडा मांडला, त्यातही प्रणालींनी एकमेकींशी बोलावं हेच आहे. तेव्हा माझी मागणी काही नवलाची नाही.

मागणी अशी. 'विद्यार्थी', 'शिक्षक' आणि 'शाळा' या तीन नोंदींचा एक नमुना शासन निर्णयाने जाहीर करावा. नाव किती रकान्यांत आणि कोणत्या लिपींत, तारीख कशी लिहायची, इयत्ता, माध्यम, दिव्यांगत्व यांचे संकेतांक कोणते, हे सगळं त्यात यावं. गाव-तालुका-जिल्हा नावाने लिहूच नये, केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीतला संकेतांक वापरावा. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि अहमदनगरचं अहिल्यानगर झाल्यावर कुठल्या यादीत जुनं नाव आणि कुठल्या यादीत नवं, हे शोधत बसणाऱ्या लिपिकांना विचारा. प्रत्येक रकान्याचा मालक ठरवावा : जन्मतारीख शाळेच्या रजिस्टरातली, पगार 'शालार्थ' या शिक्षकांच्या पगाराच्या प्रणालीतला, मंजूर पद संच मान्यतेतलं. आणि एकदा मालकाकडे भरलेली गोष्ट दुसऱ्या कोणत्याही कार्यालयाने, गूगल शीटनेसुद्धा, पुन्हा मागू नये.

शालार्थचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. २०२५ मध्ये नागपुरात बनावट शालार्थ आयडींचं जे प्रकरण उघडकीस आलं, त्याची चौकशी पोलिसांनी करावी. पण मंजूर पदं एकीकडे, नेमणुका दुसरीकडे आणि पगार तिसरीकडे असताना ही तिन्ही दर महिन्याला आपोआप ताडून पाहता आली असती, तर असं काही इतके दिवस लपून राहणं अवघड होतं, असं मला वाटतं.

एक भीतीही नोंदवतो. माहिती एकत्र वाहू लागली की ती नको तिथेही वाहते. म्हणून नमुन्यात काय नसावं, हेही लिहा. पोषण आहाराला आकडा पुरतो, नावं लागत नाहीत. सहलीच्या ॲपला जात कशाला हवी? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीबाबत पालकांच्या संमतीचा विषय गंभीर केला आहे; प्रवेश अर्जाच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेली 'मी सहमत आहे' ही ओळ त्याला पुरेल असं समजू नये.

माझ्यासारख्या सॉफ्टवेअरवाल्यांनाही या निर्णयात बांधून घ्या. करार संपल्यावर शाळेला तिचीच माहिती धड फाइलमध्ये न देणारे आमच्या धंद्यात आहेत. कोणी पीडीएफ हातात ठेवतो, कोणी जुन्या फॉन्टमधला मजकूर, जो युनिकोडमध्ये उघडला की निव्वळ कचरा दिसतो. जाहीर नमुन्यात माहिती काढून देता येत नाही, त्याचं सॉफ्टवेअर अनुदानित शाळेने घेऊ नये, एवढं एक कलम पुरे.

सुरुवात राज्यभर करू नका. बीड आणि कोल्हापूर या दोनच जिल्ह्यांत, फक्त स्थलांतरित मुलांच्या फाइलपासून, येत्या गळीत हंगामात करा. मसुदा जाहीर केल्यावर हरकतींसाठी पुरेसा वेळ द्या आणि तो इंग्रजीबरोबर मराठीतही काढा, कारण तो वाचून कामाला लागणारा माणूस बहुतेक वेळा शाळेचा लिपिक असेल, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत तर लिपिकही नसतो, दोन वर्ग एकत्र शिकवणाऱ्या गुरुजी-बाईच असतात.

आपला नम्र,
शाळांसाठी सॉफ्टवेअर लिहिणारा एक नागरिक