गुलमर्गच्या स्की आणि आपला पावसाळा

मालवण,
वैशाख अखेर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

काकांच्या ट्रंकेतल्या लाकडी स्की, म्हणजे बर्फावर घसरायच्या पट्ट्या, आणि काश्मीरमधल्या गुलमर्गचे फोटो मिरगाच्या आत मार्गी लाव. पाऊस लागला की हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली येतच नाही, आणि मग बुरशी धरणारच.

स्कीला पॉलिशपेपर अजिबात लावू नकोस. कारागिराचा शिक्का आणि बर्फावर पडलेले ओरखडे, त्यांचं मोल तेवढ्यातच आहे. कडांच्या पोलादी पट्ट्या तुकड्यातुकड्यांनी स्क्रूवर बसवलेल्या असतात. खाऱ्या हवेने स्क्रू गंजतो, गंज फुगतो आणि लाकूड तिथेच तडकतं. अगदी बारीक, चार शून्याची स्टील वूल हलकी फिरव, भुकटी पुसून मेणाचा पातळ हात दे. खोबरेल नको, खवट होतं. ठेवायच्या त्या आडव्या, दोन ठोकळ्यांवर, चिऱ्याच्या भिंतीपासून वीतभर लांब. चिरा पाणी ओढतो.

लोकरी टोपीला कसर दिसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद कर आणि उणे २० अंशांच्या फ्रीजरमध्ये आठवडाभर ठेव. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर गार लोकरीवर दव धरतं. गुलमर्गचा स्की क्लब ऑफ इंडिया १९२७ सालचा. त्याचा बिल्ला निघालाच तर ब्रासो लावू नकोस, अक्षरं झिजतात.

फ्रेममधला फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नकोस रे! वरचा जिलेटिनचा थर दमटपणाने मऊ होऊन काचेला धरतो. ओढलास की कागद हातात येतो आणि चित्र काचेवरच राहतं. काचेसकट स्कॅन कर. सुटे फोटो पॉलिएस्टरच्या पाकिटात ठेव, पीव्हीसीच्या अल्बममध्ये नको.

मागे तारीख नसेल तर डोंगर बघ. गोंडोलाचे, म्हणजे तिथल्या केबल कारचे, खांब दिसले तर फोटो १९९८ च्या आसपासचा किंवा नंतरचा. अफरवट शिखराकडे जाणारी तिची वरची तार २००५ ची. गुलमर्गचं महाराणी मंदिर १९१५ चं, ते जून २०२४ मध्ये जळालं, म्हणून ते दिसणारा प्रत्येक फोटो जप. सालापेक्षाही महिना शोध. जानेवारी २०२४ मध्ये तिथले उतार उघडे पडले होते, फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्फ कमी म्हणून हिवाळी स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या. म्हणूनच जुन्या फोटोत कुठल्या महिन्यात बर्फ कुठवर होतं, ते मऊ पेन्सिलीने पाठीवर लिही; पेनाची शाई पुढे उतरते.

पाठीवर काकांच्या हातचं काही निघालं तर लगेच कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा मित्र