तक्रार पत्र: सेफ्टी लूप म्हणून विकलेली तीन मिलिमीटरची पट्टी

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय: जुन्या जीपसाठी विकलेला प्रोपेलर शाफ्टचा सेफ्टी लूप सदोष असल्याबाबत, तसेच त्याची विक्री तातडीने थांबवण्याबाबत.

महोदय,

माझ्याकडे वडिलांची सीजे-३बी जीप आहे. तिच्या मागच्या प्रोपेलर शाफ्टसाठी, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या फिरत्या दांड्यासाठी, मी जूनमध्ये आपल्याकडून ‘ऑफ-रोड सेफ्टी लूप’ मागवला आणि त्याचे रु. ४,२०० भरले. शाफ्ट सुटलाच तर त्याला धरून ठेवणं हे लूपचं काम. पावती सोबत जोडली आहे. जाहिरातीत सहा मिलिमीटर जाडीचं स्टील, शाफ्टभोवती पूर्ण कडं आणि ‘रेसिंग ग्रेड’ असं लिहिलेलं होतं. त्या पानाचा फोटोही सोबत आहे. आषाढातल्या एका रविवारी या लूपची गरज पडली, तेव्हा त्याने काहीही धरलं नाही. शेजारी माझा सोळा वर्षांचा पुतण्या बसला होता. म्हणून हे पत्र केवळ पैशांसाठी नाही.

त्या दिवशी वेल्ह्याच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर चिखलात गाडी चालवून आम्ही परत निघालो होतो. डांबरी रस्ता लागल्यावर फ्रंट हब फ्री केले, म्हणजे पुढची चाकं ड्राइव्हपासून मोकळी केली, आणि गाडी टू-व्हीलमध्ये, म्हणजे फक्त मागच्या चाकांवर घेतली. पुढे चढावर मागच्या शाफ्टचा पुढचा युनिव्हर्सल जॉइंट (शाफ्टला कोनात फिरू देणारा सांधा) तुटला आणि शाफ्टचं ते टोक सुटलं. वेग ताशी वीसच्या आसपास होता. सीजे-३बीच्या ५.३८ रेशोच्या अ‍ॅक्सलमुळे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे होत असल्यामुळे, एवढ्या वेगालाही शाफ्ट मिनिटाला आठशेच्या घरात फेरे घेतो. जॉइंट तुटला तरी चाकं त्याला फिरवतच राहतात. सुटलेलं टोक लूपवर आदळलं, लूपचे बोल्ट फ्लोअरचा पत्रा फाडून निघाले आणि शाफ्टने चेसिसच्या कडेचा ब्रेक पाइप तोडला.

या जुन्या जीपला ब्रेकची एकच लाइन आहे. पाइप तुटला की चारही चाकांचे ब्रेक जातात. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीच्या) मागे आहे आणि तो याच शाफ्टमधून मागची चाकं धरतो. त्यामुळे मी हँडब्रेक ओढला तेव्हा ड्रम लॉक झाला, पण चाकांशी त्याचा संबंधच उरला नव्हता. हब फ्री असल्यामुळे फोर-व्हीलचा लिव्हर टाकूनही उपयोग होणार नव्हता. गाडी मागे घरंगळू लागली. मी स्टिअरिंग वळवून ती डोंगराकडच्या चारीत घातली. दुसऱ्या बाजूला दरी होती. पुतण्याच्या कोपराला खरचटलं, एवढ्यावर निभावलं.

जॉइंट तुटला यात आपला दोष नाही. जॉइंटमधला क्रॉस जुना होता आणि पाण्याचिखलात गाडी घातल्यावर ग्रीस भरणं माझं काम होतं. पण जॉइंट कधीतरी दगा देणार हे धरूनच तर माणूस लूप लावतो.

घरी आल्यावर मी लूप व्हर्नियरने मोजला. जाडी तीन मिलिमीटर भरली, म्हणजे सांगितलेल्याच्या निम्मी. रुंदी अडतीस मिलिमीटर. पूर्ण कडं म्हणाल, तर ही इंग्रजी ‘यू’सारखी वरून उघडी पट्टी आहे. तिच्या दोन कानांना आठ मिलिमीटरचे दोन बोल्ट, तेही फ्लोअरच्या पत्र्यात लावायचे. चेसिसला लावायची सोयच दिलेली नाही. किटमध्ये पत्र्याखाली घालायला मोठी वॉशर किंवा प्लेटही नव्हती. कानांची भोकं कडेच्या इतकी जवळ आहेत की एक कान तिथेच चिरला आहे. आपल्या पत्रकात दाखवल्याप्रमाणे लूप बसवला तेव्हा तो पुढच्या जॉइंटपासून साडेदहा इंचांवर आला, म्हणजे शाफ्टच्या जवळजवळ मधोमध.

‘रेसिंग ग्रेड’ म्हणताना ज्या रेसिंगमधून हा भाग आला तिचा नियम तरी पाहायला हवा होता. अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या संस्थेच्या, नॅशनल हॉट रॉड असोसिएशनच्या नियमानुसार लूपने शाफ्टला ३६० अंशांत वेढायला हवं. पट्टी किमान पाव इंच जाड आणि दोन इंच रुंद लागते आणि ती पुढच्या युनिव्हर्सल जॉइंटपासून सहा इंचांच्या आत असावी लागते. सहा इंचांना अर्थ आहे. कडं सुटलेल्या टोकाजवळ असलं तर टोकाला हेलकावायला जागा मिळत नाही, त्यामुळे ते जमिनीपर्यंत पोहोचत नाही. पुढे चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट जमिनीत रुतला तर तो गाडीचा मागचा भाग उचलू शकतो. शिवाय ऑफ-रोड गाडीत सस्पेन्शन बरंच वरखाली होतं आणि ट्रान्स्फर केसजवळ शाफ्ट सगळ्यात कमी हलतो. तिथे लूप घट्ट मापाचा करता येतो. मधोमध बसवायचा तर त्याचं तोंड मोठं ठेवावं लागतं, आणि आपण तेच केलं आहे.

मी आता आमच्या गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दुसरा लूप करून घेतला. पन्नास बाय सहाची पट्टी घेतली. तिचे दोन अर्धगोल वाकवून, कानांशी बोल्टने जोडून पूर्ण कडं केलं. दोन चेसिस मेंबरच्या मध्ये एक आडवी पट्टी टाकली आणि कडं तिला लावलं. सगळे बोल्ट १२ मिलिमीटरचे, ८.८ ग्रेडचे, नायलॉक नट घालून. शेवटचे बोल्ट आवळण्याआधी मिस्त्रींनी चेसिस जॅकवर उचलून मागचा अ‍ॅक्सल पूर्ण लोंबू दिला, मग एक एक चाक बंपस्टॉपला (अ‍ॅक्सलला आणखी वर जाण्यापासून अडवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत उचललं, आणि दर वेळी शाफ्ट हाताने फिरवून कुठे घासतोय का ते पाहिलं. एका दुपारचं काम. साहित्य आणि मजुरी धरून रु. १,९०० झाले. जे एका छोट्या गाळ्यात जमतं ते आपल्या कारखान्यात का जमलं नाही, याचं उत्तर मला हवं आहे.

आपल्या ग्राहक सेवेला मी दोनदा फोन केला. पहिल्यांदा सांगण्यात आलं की ऑफ-रोडिंगमध्ये वापरल्यास वॉरंटी नाही. मालाच्या नावातच ‘ऑफ-रोड’ आहे हे मी दाखवून दिलं. दुसऱ्या फोनवर पुढच्या खरेदीसाठी सवलतीचं कूपन देऊ केलं. ते मला नको.

सगळ्यात आधी या लूपची विक्री थांबवा आणि ज्यांनी ज्यांनी तो घेतला त्या प्रत्येकाला फोन करून काढून ठेवायला सांगा. त्यांचे नंबर ऑर्डरसोबत आपल्याकडे आहेतच. आज कुणीतरी हा लूप लावून, आता काळजी नाही असं समजून, मुलाबाळांना घेऊन घाट चढत असेल. त्यानंतर माझे रु. ४,२०० परत करा, आणि ब्रेक पाइप व फ्लोअरच्या दुरुस्तीचे रु. ६,३५० द्या. बिलं जोडली आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद आजच करतो आहे.

तुटलेला लूप, त्याचे बोल्ट आणि फाटलेला पत्रा मी जपून ठेवला आहे. आपला इंजिनिअर कोणत्याही रविवारी घरी येऊन मोजू शकतो. व्हर्नियर माझ्याकडे आहे, पण त्यांनी त्यांचा आणला तरी चालेल.

आपला,
एक ग्राहक, पुणे